गॅरेजवाल्याने एक्सल ‘हेवी’ करून दिला, आता गाडीच सोडत नाही

वाळपईच्या एका वाचकाचा प्रश्न आलाय, थोडक्यात सांगतो. जुना पिकअप, स्वतःच चालवतात, चिरे आणि सिमेंट मारतात, घर त्यावरच चालतं. मागच्या डिफरन्शियलमधून (मागच्या चाकांना ताकद वाटून देणारा गिअरचा डबा) घोंघों आवाज यायला लागला म्हणून बेळगावात एका गॅरेजला दिला. मेस्त्री म्हणाला हा खोलून काय फायदा, मोठ्या गाडीचा एक्सल मिळतोय तोच बसवू, वर स्प्रिंगचे दोन पाटे वाढवू, डबल लोड घेईल. ९० हजार ठरले, ६० जीपेवर दिले, बिल नाही. येताना चोर्ला घाटात मागचं चाक तापलं, ड्रममधून ऑइल गळायला लागलं, आणि आवाज होता तो आहेच. परत नेली तर मेस्त्री म्हणतो उरलेले ३० टाका, वर पार्किंगचे रोज ३००, नाहीतर गाडी हलणार नाही. पुढच्या महिन्यात फिटनेस (आरटीओची तपासणी) आहे.

भाऊ, मेस्त्रीवर तुमचा राग बरोबर आहे, पण मला जास्त काळजी तुमचीच वाटतेय. तोच एक्सल खोलून नवीन क्राऊन-पिनियन (आतले गिअर), बेअरिंग, ऑइल सील घातले असते तर ती साधी दुरुस्ती होती, कोणाला विचारायची गरज नव्हती. दुसऱ्या मॉडेलचा एक्सल आणि वाढीव पाटे ही वेगळी गोष्ट, कारण मालवाहू गाडीच्या आरसीवर एक्सलचं वजन आणि एकूण वजन नोंदवलेलं असतं आणि मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ कंपनीच्या मूळ नोंदीपेक्षा वेगळी गाडी करायला मनाई करतं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर १८२ए(४) आलं, त्यात प्रत्येक बदलामागे ५ हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, आणि हे कलम गाडीच्या मालकाला लागतं, मेस्त्रीला नाही. एक्सल बदलणं म्हणजे गाडीची मूळ रचना बदलणं नव्हे असा वाद मी कोर्टात घालू शकतो, पण इन्स्पेक्टर गाडीखाली वाकून बघतो तेव्हा वकील सोबत नसतो. आणि ‘डबल लोड’ विसराच. एक्सल कितीही जाड घाला, आरसीवरचं वजन वाढत नाही, ओव्हरलोडला २० हजार आणि वरच्या प्रत्येक टनाला २ हजार.

आता गाडी अडवण्याचं. काँट्रॅक्ट अॅक्टच्या कलम १७० खाली, ज्या वस्तूवर मेहनत केली ती मजुरी मिळेपर्यंत ठेवून घ्यायचा हक्क मेस्त्रीला आहे, पण काम ठरल्याप्रमाणे केलेलं असलं तर. इथे तर ब्रेक शूवर ऑइल उतरलंय. पार्किंगचे ३०० आधी ठरलेच नव्हते, ते देऊ नका. तरी माझा सल्ला, गाडी महिनाभर अडकवून धंदा घालवण्यापेक्षा ३० हजार बँकेतून द्या आणि त्याच दिवशी व्हॉट्सअॅपवर लिहा की काम सदोष आहे, हे पैसे मी हरकत नोंदवून देतोय, माझा जुना एक्सलही परत द्या. जुना एक्सल सोडू नका हां, तो तुमचाच माल आहे आणि पुढे तोच लागणार आहे. गाडी चालवत आणू नका, टोइंगवर घाला, असल्या ब्रेकवर घाट म्हणजे जिवाशी खेळ.

इथे आणल्यावर कोणी काही खोलायच्या आत तिसऱ्या, जाणत्या माणसाकडून लेखी रिपोर्ट घ्या. ड्रम काढून शूचे फोटो, सीलचे फोटो. दोन्ही मागची चाकं स्टँडवर उचलून, प्रोपेलर शाफ्टवर (गिअरबॉक्सकडून एक्सलला ताकद नेणारा दांडा) खडूची रेघ मारून, दोन्ही चाकं बरोबरीनं एक पूर्ण फेरा फिरवायची आणि शाफ्ट किती फेरे फिरला ते मोजायचं, त्याचा व्हिडिओ काढायचा. तो आकडा तुमच्या मॉडेलच्या एक्सलच्या ठरलेल्या रेशोशी (चाकाच्या एका फेऱ्याला शाफ्टचे फेरे) जुळला नाही तर मेस्त्रीनं काय बसवलं ते आपोआप कळतं, स्पीडोमीटरही चुकीचा दाखवत असेल. मग जुना एक्सल मूळ स्पेसिफिकेशनप्रमाणे रिबिल्ड करून, पाटे होते तेवढेच ठेवून बसवा आणि तशीच गाडी फिटनेसला न्या. त्याचं पक्कं बिल, टोइंगचा खर्च, ही झाली तुमची मागणी.

केस बेळगावात नको. २०१९ च्या ग्राहक कायद्यात तक्रारदार राहतो तिथे तक्रार करता येते, म्हणजे आपल्या उत्तर गोवा जिल्हा आयोगात, दोन वर्षांच्या आत, आणि दिलेली रक्कम ५ लाखांच्या आत असल्यामुळे फी नाही. समोरचा म्हणेल गाडी धंद्याची, तुम्ही ग्राहक नाही. त्यावर उत्तर आहे, पोटापाण्यासाठी स्वतः चालवणाऱ्याला कायद्यानं सूट दिलीय. मात्र ‘लोड वाढवून दे’ असं तुम्हीच सांगितलं असेल तर मला आधी सांगा, तिथे पहिल्यांदा कळायला नको, कारण त्यानं मागणी थोडी अडखळते. खराब सील आणि तापणारं चाक तरीही त्याच्याच माथी.

मेस्त्रीची व्हॉइस नोट असेल तर डिलीट करू नका, फोन बदलू नका, असल्या फोनमधल्या पुराव्यासोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं सर्टिफिकेट जोडावं लागतं, ते आपण करू. येताना आरसी, जुनं फिटनेस, इन्शुरन्सची पॉलिसी आणि जीपेची नोंद घेऊन या, आणि तोपर्यंत मेस्त्रीशी फोनवर भांडू नका, जे काय ते लिहून.