टी-शर्टवर आणि टॉवेलवर बारीक मराठी अक्षरं गिचमिड न होता कशी भरायची?

तुम्ही लिहिलंय की कुर्त्यावर नाव बरं उठतं, पण कॉलरवाल्या मॅटी (खडबडीत, ताणणाऱ्या विणीच्या) टी-शर्टवर आणि टॉवेलवर तेच 6 मिमीचं नाव गिचमिड होतं, म्हणून मशीनच बदलायचा विचार आहे. कृपया थांबा. दोष मशीनचा नसावा.

मी ठाण्यात वागळे इस्टेटला कॉम्प्युटर एम्ब्रॉयडरी करते. पाडव्याच्या स्वागतयात्रेसाठी एका पथकाचं नाव टी-शर्टवर भरायचं होतं, तेव्हा 20 मिमीला पंच केलेली, म्हणजे त्या मापासाठी कॉम्प्युटरवर टाके आखलेली अक्षरं मी तशीच लहान केली. टाके तेवढेच राहिले, जागा आक्रसली. ‘क’चं पोट बुजलं, अनुस्वार शिरोरेषेला चिकटला, दोरा सारखा तुटायचा. सगळ्या टी-शर्टची भरपाई मला द्यावी लागली.

लहान अक्षर त्याच मापाला नव्याने पंच करा. नेहमीचा 40 नंबरचा दोराच साधारण 0.4 मिमी जागा घेतो. साटनची, म्हणजे शेजारी शेजारी आडव्या टाक्यांची पट्टी 1 मिमीपेक्षा अरुंद झाली की सुई त्याच त्या भोकात पडत राहते. 60 नंबरचा बारीक दोरा आणि 9 नंबरची सुई लावा. अंडरले, म्हणजे अक्षराखालचे आधाराचे टाके, मधोमध साध्या धावदोऱ्याची एकच ओळ, वेग मिनिटाला 600 टाक्यांच्या आत.

आपल्या लिपीचं खरं काम शिरोरेषेत आहे. ती शेवटी भरा, पूर्ण शब्दाची एकसलग. अक्षरागणिक तुकडे केले की जोड वरखाली दिसतात. सलग रेघ मात्र थोडं सरकलेलं अक्षरही झाकून घेते. क, भ, ब यांची पोटं पंच करतानाच जरा मोकळी ठेवा. ‘ष्ट्र’, ‘द्ध’ असलं जोडाक्षर असेल तर मी 8 मिमीच्या खाली काम घेतच नाही, गिऱ्हाईकाने कितीही आग्रह केला तरी.

मॅटी ताणते, म्हणून खाली फाडायचा नाही, कापायचा कट-अवे पेपर लावा. रिंगमध्ये कापड सपाट बसवा, खेचू नका. खेचलेलं कापड रिंग काढताच आखडतं आणि अक्षरांभोवती चुण्या पडतात. वर पाण्यात विरघळणारी फिल्म ठेवा. टॉवेलला तर ती हवीच, नाहीतर धाग्यांची वेटोळी टाक्यांतून डोकं काढतात. तिथे अक्षरही 10-12 मिमीचं घ्या. सिल्कवर सुईची भोकं राहतात, उसवून सुधारता येत नाही. आधी चिंधीवर भरून बघा.

नाव नेमकं काय आहे ते कळवा, कुठलं अक्षर अडेल ते सांगते.