आधी कानापर्यंत पोहोचू द्या

नागपूर आणि आसपासच्या शिक्षकांना मी कर्णबधिर मुलांच्या बोलण्याविषयी प्रशिक्षण देते. त्यांनी आणि पालकांनी विचारलेले काही प्रश्न इथे घेतले आहेत.

अंगणवाडीत चार वर्षांची मुलगी येते, दोन्ही कानांना मशीन आहे. घरी हाकेला ओ देते, माझ्याकडे मात्र बघतही नाही. हट्टी असेल का? (सेविका, हिंगणा)

ताई, हट्टाचा विचार सगळ्यात शेवटी करा. खोलीत कूलर चालतो का? आपल्याला त्याची घरघर ऐकायची सवय झालेली असते, पण मशीन तुमच्या हाकेसोबत ती घरघरही मोठी करून तिच्या कानात सोडतं. शिवाय अंतर दुप्पट झालं की आवाज साधारण 6 डेसिबलने उतरतो. घरी आई हातभर अंतरावरून बोलते, तुम्ही फळ्याजवळून बोलता. तिला कूलरपासून लांब, स्वतःजवळ बसवा.

आणि रोज सकाळी कर्णबधिर मुलांच्या बोलण्याचे तज्ज्ञ डॅनियल लिंग यांनी सुचवलेले सहा आवाज घ्या: म, ऊ, आ, ई, श, स. बोलण्याच्या पट्टीतले खालचे-वरचे सूर यांत येतात. तिच्या बाजूला जरा मागे बसा, ओठ दिसू देऊ नका. नेहमीच्या आवाजात एकेक ध्वनी काढा. ऐकू आला की तिनं डब्यात ठोकळा टाकायचा. दोन आवाजांमधला वेळ कमीजास्त ठेवा, नाहीतर मुलं अंदाजानं ठोकळा टाकतात. काल ‘स’ ऐकू आला आणि आज नाही, तर बॅटरी तपासा, इअरमोल्डच्या (मशीनचा कानात बसणारा साचा) नळीत मळ किंवा घामाचं पाणी साचलंय का बघा. आपल्याकडच्या उन्हाळ्यात हे फार होतं. रात्री बॅटरी काढून मशीन ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या डबीत ठेवायला आईला सांगा. तरीही फरक पडला नाही तर ऑडिओलॉजिस्टकडे, म्हणजे श्रवणतज्ज्ञांकडे पाठवा.

मी मोठ्यानं, शब्द तोडून बोलतो, ‘बोल, बोल’ म्हणून मागे लागतो. तरी मुलगा ‘दादा मांजर दूध दिलं’ असंच बोलतो. (शिक्षक, काटोल)

सर, तुमची तळमळ कळते, पण ओरडणं थांबवा. ओरडल्यानं स्वर फुगतात, व्यंजनं मात्र दबलेलीच राहतात, आणि ओठांचा आकारही बिघडतो. तसंही ओठांवरून फार कळत नाही. आरशासमोर ‘पाय, बाय, माय’ म्हणून बघा.

मराठीत कोणी कोणाला काय दिलं हे ‘ने’, ‘ला’ सांगतात आणि बोलताना तेच पटकन निसटतात. म्हणून शब्द सुटे करू नका. तो बोलला की आनंदानं पूर्ण वाक्य परत द्या: “हो, दादानं मांजरीला दूध दिलं! मग मांजरीनं काय केलं?” एवढं विचारून थांबा. मनात पाच आकडे मोजा. ‘पुन्हा म्हण’ नको. बोलणं म्हणजे परीक्षा असं एकदा मनात बसलं की मूल गप्प होतं, हे मी वर्गावर्गांत पाहिलंय आणि दर वेळी वाईट वाटतं.

खुणा वापरल्या तर मूल बोलणार नाही, असं मला शिकवलं गेलं. (विशेष शिक्षिका, कामठी)

मला ते पटत नाही. खुणांनी बोलणं अडत नाही. लहानपणची वर्षं कुठल्याच भाषेविना गेली तर मात्र ती भरून काढणं फार कठीण असतं. 2016च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यातही सांकेतिक भाषा येणारे शिक्षक तयार करून नेमण्याची तरतूद आहे. ऐकणं पक्कं होईपर्यंत मुलाला मनातलं सांगायची वाट खुली ठेवा.

घरात वऱ्हाडी, शेजारी हिंदी, शाळा इंग्रजी. कोणत्या भाषेत बोलू? (आई, नागपूर)

जी तुमच्या तोंडी सहज येते, तीत. ‘काय करून राहिली?’ असं म्हणत असाल तर तेच म्हणा. भाजी निवडताना, कपडे वाळत घालताना बोलत राहा.

शिक्षकांसाठी एका दिवसाची कार्यशाळा पुरेल का? (मुख्याध्यापक, उमरेड)

सुरुवात म्हणून ठेवा, पण तेवढ्यानं वर्गातली सवय बदलत नाही. प्रत्येकानं आपल्या तासाचं दहा मिनिटांचं मोबाइल चित्रण करावं आणि स्वतःच मोजावं: किती प्रश्न विचारले, उत्तरासाठी किती वेळा थांबलो. मग ते चित्रण घेऊन महिन्यातून एकदा एकत्र बसू. पहिल्या भेटीला मी भर दुपारी येईन, कूलर सुरू असताना.