भिंतीवर सही नसते, मग चित्र निअँडरथालचं कशावरून?

प्रश्न: स्पेनच्या गुहांमधली काही चित्रं निअँडरथालांनी, म्हणजे आपल्याआधी युरोपात राहणाऱ्या नि आता नामशेष झालेल्या माणसांच्या दुसऱ्या जातीने, काढली असं वाचलं. पण ती आपल्याच पूर्वजांनी काढलेली नाहीत हे कसं ठरवतात? आणि चार रेघा नि एक हाताचा ठसा, याला कला तरी कसं म्हणायचं?

उत्तर: सही नसते म्हणूनच तर सगळी भिस्त तारखेवर. २०१८ मध्ये ला पासिएगा, माल्त्रावियेसो आणि आर्दालेस या तीन गुहांबद्दल जो दावा आला त्यात रंगाचं वय मोजलेलंच नाही, रंगावर चढलेल्या चुन्याच्या पापुद्र्याचं मोजलंय. झिरपणाऱ्या पाण्यातून युरेनियम येतं, थोरियम जवळपास येतच नाही, मग युरेनियमचं हळूहळू थोरियम होतं आणि ते किती साठलं त्यावरून पापुद्रा किती जुना ते कळतं, आणि त्याच्या खालचा रंग अर्थातच त्याहून जुना. उत्तर आलं किमान ६४,००० वर्षं! आपली मंडळी स्पेनमध्ये पोचली त्याच्या जवळपास २०,००० वर्षं आधी.

पण लगेच वाद पेटला. नंतरच्या पाण्याने थोडं युरेनियम धुऊन नेलं तर पापुद्रा आहे त्यापेक्षा म्हातारा दिसतो, आणि ही शंका मला तरी फालतू वाटत नाही.

म्हणून माझा जास्त भरवसा फ्रान्समधल्या ला रोश-कोतार या गुहेवर. तिथे मऊ खडकावर बोटं ओढून रेघा काढल्यात, ठिपके दाबलेत, आणि ते जागा बघून, भिंतीचे भाग धरून, अस्वलाने नखं मारल्यासारखे कुठेही नाहीत. गंमत म्हणजे या गुहेचं तोंड ५७,००० वर्षांपूर्वीच गाळाने पार बुजलं होतं आणि आत सापडलेली दगडी हत्यारं निअँडरथालांच्याच धाटणीची. दारच बंद म्हटल्यावर नंतर येणारा आत शिरणार कुठून?

आता कलेचं. हा शब्द जरा बाजूला ठेवू, कारण त्यावर भांडत बसलं की खरी गोष्ट राहून जाते. फ्रान्समध्येच ब्रुनिकेल नावाची गुहा आहे, तोंडापासून ३३६ मीटर आत, मिट्ट काळोखात, जमिनीतून वर वाढलेले चुन्याचे खांब मोडून साधारण ४०० तुकडे गोल रिंगणात रचलेत, १,७६,५०० वर्षांपूर्वी. म्हणजे उजेड बरोबर न्यायचा, तो विझू द्यायचा नाही, एकाने मोडायचं दुसऱ्याने रचायचं, हे आधी बोलल्याशिवाय जमेल? चित्र एकही नाही, पण डोकं कसं चालायचं ते मला हाताच्या ठशापेक्षा इथे जास्त दिसतं. (स्लोव्हेनियात सापडलेली अस्वलाच्या हाडाची एक बासरी निअँडरथालांची म्हणून सांगतात, तिच्याबद्दल विचाराल तर ती भोकं हिंस्र प्राण्याच्या दातांची असावीत असं बऱ्याच जणांचं म्हणणं आहे, मी तिच्यावर पैज लावणार नाही.)

आणि चार रेघांचंच म्हणाल तर जर्मनीतल्या आइनहॉर्नहोले गुहेतलं महाकाय हरणाच्या पायाच्या बोटाचं हाड बघा, ५१,००० वर्षांचं, बोटभर लांब. त्यावर तिरप्या खाचा एकमेकींना भेटून कोन करतात, एकाखाली एक, सगळे जवळपास सारखेच. मांस काढताना सुरी लागली तर अशा खाचा पडत नाहीत.