क्रॅनबेरीची जुनी शेती पाहायला कुठे जावं?

प्रश्न : आमच्या एडिसनच्या मंडळातले ज्येष्ठ ऑक्टोबरात क्रॅनबेरीची जुनी शेती पाहायला जायचं म्हणताहेत. कुठे जावं, काय पाहावं? – एक वाचक, न्यू जर्सी

उत्तर : काका, पाइन बॅरन्स या पाइनच्या रानातल्या व्हाइट्सबॉगला, म्हणजे क्रॅनबेरीच्या जुन्या मळ्याच्या गावी जा. मी घरी आलेल्या पाहुण्यांना तिथेच नेते. महिना अगदी योग्य निवडलात, तोडणीचा हंगाम तेव्हाच असतो. क्रॅनबेरी पाण्यात उगवते असं अनेकांना वाटतं, पण वेल वाळूमिश्रित आम्ल जमिनीवर पसरतो. पाणी सोडतात ते फळ काढायला. फळात हवेचे चार कप्पे असतात, त्यामुळे वेलावरून सुटलेलं फळ वर तरंगतं आणि सगळं वाफ्याच्या एका कडेला ओढून आणता येतं.

तिथली कामगारांची जुनी घरं मात्र घाईत पाहू नका. फिलाडेल्फियाहून इटालियन कुटुंबं तोडणीला यायची, लहान मुलंही राबायची. छायाचित्रकार लुइस हाइन यांनी 1910 मध्ये त्या मुलांचे फोटो काढले. ते घरूनच पाहून निघा, मग त्या घरांकडे वेगळ्याच नजरेनं पाहाल. मळ्याच्या मालकांची मुलगी एलिझाबेथ व्हाइट यांनी वनस्पतिशास्त्रज्ञ फ्रेडरिक कोविल यांच्याबरोबर इथेच ब्लूबेरीची लागवडीजोगी जात तयार केली, 1916 मध्ये तिचं पहिलं पीक बाजारात गेलं.

रस्ते वाळूचे आहेत, गुडघे दुखणाऱ्यांनी काठी घ्यावी. पायमोजे लांब घाला, गवतात टिक, म्हणजे गोचिड्या असतात. घरी आल्यावर अंग नीट तपासा. ताजी फळं मिळाली तर करवंदासारखं लोणचं घाला, गूळ थोडा सढळ हातानं.