कडेचं विनियर का उचलतं?

प्रश्न : घरी प्लायचं बुकशेल्फ करून घेतलं, वरून सागाचं विनियर (लाकडाचा पातळ पापुद्रा). कडांना मिस्त्रींनी इस्त्रीने चिकटवायची विनियर पट्टी लावली होती, पण आता टोकं उचललीत आणि दोन फळ्यांच्या कडेला तर खालचं प्लाय बारीक रेघेसारखं दिसतंय. सगळं उचकटून परत करू का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : सगळं नको. तुमचे दोन वेगळे प्रॉब्लेम आहेत. टोकं उचलली तर ते बरंच सोपं, कारण त्या पट्टीच्या मागे जो गोंद असतो तो उष्णतेने विरघळतो आणि गार झाला की धरतो, म्हणजे परत गरम केला तर परत धरतो. इस्त्री कॉटनवर ठेवा, टाकीत पाणी अजिबात नको (वाफेने विनियर फुगतं), मधे साधा कागद ठेवून उचललेल्या भागावर सावकाश फिरवा आणि लगेच, गरम असतानाच, लाकडी ठोकळ्याने जोरात दाबून घासत न्या. ही दाबायची पायरी घाईत राहते आणि मग दोष गोंदाला. पूर्ण गार होईपर्यंत तिथे हात लावू नका. आत धूळ गेली असेल तर मात्र चिकटणार नाही, आधी ब्रशने काढा.

प्लाय दिसतंय ते वेगळं. आपल्याकडे बहुतेक वेळा विनियर 4 मिमीच्या शीटवर येतं आणि ते 18 मिमीच्या प्लायवर चिकटवतात, झाले 22. फळीच्या खालच्या बाजूलाही काही लावलं असेल तर आणखी वाढलं. आणि बाजारात सहज मिळणारी पट्टी 22 मिमीची! ती नुसत्या 18-19 च्या प्लायसाठी बरोबर, दोन्हीकडे थोडी बाहेर राहते आणि ती छाटता येते, पण तुमच्या कडेवर ती जेमतेम पुरते आणि जरा वाकडी लागली की एका बाजूने उघडं. म्हणून त्या दोन फळ्यांची पट्टी गरम करून काढा, जुना गोंद खरवडा, कड सपाट घासा, प्लायमधे पोकळी असेल तर भरून घ्या आणि रुंद पट्टी आणा. कड टेपने मोजूनच दुकानात जा.

जास्तीची छाटताना धार लावलेली पटाशी घ्या, आणि पातं लाकडाच्या रेषेबरोबर आत घुसायला लागलं तर तिथेच थांबून उलट्या दिशेने या, नाहीतर लांबच लांब चीर जाते. शेवटी ठोकळ्यावर 180 चा पॉलिश पेपर गुंडाळून घासा, हात नेहमी बाहेरून फळीकडे, उलटा ओढला की पट्टी उचलते. आणि पेपर जपून हो, विनियर साधारण अर्धा मिमीच असतं, कोपऱ्यावर पाच-सहा हात जास्त पडले की लाकूड संपलं.

प्रश्न : बिनगोंदाचं विनियर उरलंय, त्याच्या पट्ट्या कापून कडेला लावल्या तर? रबर सोल्यूशन चालेल ना? (पुणे)

उत्तर : लागेल पटकन, पण मला ते कडेला आवडत नाही. वरून थिनरवालं पॉलिश मारलं की थिनर पातळ विनियरमधून आत जातो, सोल्यूशन सैल होतं आणि फुगे येतात. त्यापेक्षा साधा पांढरा फेविकॉल पट्टीला आणि कडेला दोन्हीकडे लावा, प्लायची कड गोंद पिते म्हणून तिथे दुसरा हात द्या, पारदर्शक होईपर्यंत वाळू द्या आणि मग वरच्यासारखीच इस्त्री. विचित्र वाटतं वाळलेल्या गोंदावर इस्त्री, पण मस्त धरतं.

प्रश्न : मुलांच्या स्टडी टेबलला पट्टी की सागाची लिपिंग? (ठाणे)

उत्तर : लिपिंग, म्हणजे कडेला लावायची भरीव लाकडाची पट्टी. जिथे कोपरं टेकतात, दप्तर आपटतं तिथे अर्धा मिमी काय टिकणार! 6-8 मिमीची सागवानी पट्टी फेविकॉल आणि बारीक खिळ्यांनी लावून घ्या, कड थोडी गोल करता येते आणि टवका उडाला तरी खाली सागच असतो. खर्च आणि वेळ दोन्ही जास्त, म्हणून फक्त पुढच्या कडेला केलं तरी चालेल, भिंतीकडे पट्टी लावा.