जपानमधल्या नागाओकाला शिकायला जातोय. भूकंप झाला तर अणुप्रकल्पाचं काय, म्हणून आई घाबरते. शास्त्र न कळणाऱ्या माणसाला कसं समजवायचं?

काशिवाझाकी-कारिवा अणुप्रकल्प नागाओकाजवळ आहे हे आईनं कुठंतरी वाचलं आणि तेव्हापासून ती "उगाच" घाबरते आहे, असं तुम्ही लिहिलं आहे. बाकी प्रश्न ठीक आहे, पण "शास्त्र न कळणाऱ्या माणसाला" हे शब्द मला टोचले, म्हणून लिहायला बसले. हेच शब्द २०११ मध्ये माझ्या मोठ्या दिरांनी मला ऐकवले होते. त्यानंतर घरातल्या प्रत्येक लग्नकार्यात तो विषय निघतो.

आधी तुमच्यापुरतं. धक्का बसला की अणू फुटण्याची साखळी थांबवणारे नियंत्रक दांडे आपोआप आत जातात आणि अणुभट्टी बंद पडते. ११ मार्च २०११ ला दुपारी २:४६ वाजता ९.० तीव्रतेचा भूकंप झाला, तेव्हा फुकुशिमा दाइइची प्रकल्पातल्या चालू असलेल्या तिन्ही अणुभट्ट्या अशाच बंद पडल्या होत्या. पण चूल विझवली तरी निखारे धगधगत राहतात, तसं आतलं इंधन उष्णता देतच राहतं. सुरुवातीला ती पूर्ण क्षमतेच्या सहा-सात टक्के असते, मग हळूहळू उतरत जाते. ती काढायला पाणी फिरतं ठेवावं लागतं आणि त्यासाठी वीज लागते. भूकंपानं बाहेरून येणारी वीज तोडली. डिझेल जनरेटर सुरू झाले. आणि तासाभराच्या आत १४-१५ मीटरची त्सुनामी आली. पहिल्या चार अणुभट्ट्यांची जमीन समुद्रसपाटीपासून १० मीटरवर होती आणि बहुतेक जनरेटर व विजेचे पॅनेल तळघरात होते. पाचव्या-सहाव्या अणुभट्ट्या वाचल्या, कारण उंचावरचा हवेनं थंड होणारा एक जनरेटर चालू राहिला. तेव्हा भूकंप किती रिश्टरचा सोसेल हा प्रश्न फारसा कामाचा नाही. वीज गेली तर पाणी कसं फिरवणार, हे विचारायचं.

आता माझं. मी तेव्हा तोक्योच्या एदोगावा वॉर्डात, निशी-कासाईला राहत होते. मुलगी सात महिन्यांची होती आणि पावडरच्या दुधावर होती. दुकानांतून ब्रेड, बॅटऱ्या, टॉयलेट पेपर गायब झाले होते. आफ्टरशॉक इतके येत की फोनचा भूकंपाचा इशारा वाजला तरी मुलगी झोपेतून उठेनाशी झाली होती. १५ तारखेला सकाळी शिंजुकूच्या मापकावर किरणोत्सर्ग ताशी ०.८ मायक्रोसिव्हर्टपर्यंत गेला, म्हणजे नेहमीच्या दहापटीहून जास्त. काही तासांत तो उतरला. ओळखीची बरीच भारतीय कुटुंबं त्या आठवड्यात मिळेल त्या विमानानं निघून गेली. आम्ही थांबलो. नवऱ्याचं काम होतं, आणि आकडे बघता तोक्यो सोडायची गरज आम्हा दोघांनाही वाटत नव्हती. हे मुद्दाम सांगते, कारण दिरांच्या गोष्टीत मी कायम रडत विमान शोधणारी बाई असते.

२१ ला पाऊस पडला. २३ ला दुपारी बातमी आली की कानामाची जलशुद्धीकरण केंद्राच्या पाण्यात किलोमागं २१० बेक्वेरेल किरणोत्सारी आयोडीन सापडलं आहे. मोठ्यांसाठी मर्यादा ३००, तान्ह्या बाळांसाठी १००. एका वर्षाच्या आतल्या मुलांना नळाचं पाणी देऊ नका, असं तोक्योच्या प्रशासनानं जाहीर केलं. आमचं पाणी तिथूनच यायचं. सकाळपासूनच्या सगळ्या बाटल्या मी त्याच पाण्यात कालवल्या होत्या.

मुलीला कडेवर घेऊन खाली उतरले तर तीन दुकानांत पाण्याचा रॅक रिकामा. चौथ्या दुकानात फक्त खनिजं जास्त असलेलं, बाळाच्या दुधाला न चालणारं परदेशी पाणी होतं. तेवढ्यात ठाण्याहून दिरांचा फोन. ते इंजिनिअर आहेत, हुशार आहेत, आणि आमच्या काळजीनंच फोन केला होता हेही मान्य. म्हणाले, "अगं, एका केळ्यात पंधरा बेक्वेरेल असतात. म्हणजे तुझं लिटरभर पाणी चौदा केळ्यांइतकं झालं. चौदा केळ्यांना कुणी घाबरतं का? जरा शास्त्र समजून घे." मी म्हटलं, "भाऊजी, बाळाला दूध कशात कालवू, तेवढं सांगा." त्यावर पुन्हा केळी.

केळ्याचा हा दाखला आजही लोक फेकतात, म्हणून त्याचं उत्तर इथंच देते. केळ्यातला किरणोत्सर्ग पोटॅशियमचा. शरीर पोटॅशियमचं प्रमाण स्वतः राखतं, जास्तीचं बाहेर टाकतं. पाण्यात सापडलेलं किरणोत्सारी आयोडीन-१३१ तसं नाही, ते गळ्यातल्या थायरॉइड ग्रंथीत जाऊन साठतं. बाळाची ग्रंथी एवढीशी, आणि वाढत असते. म्हणून तर बाळांची मर्यादा वेगळी ठेवली होती. बेक्वेरेल म्हणजे सेकंदाला किती अणू फुटतात त्याची मोजणी. कुठले अणू आणि शरीरात कुठं, हे त्यात येतच नाही. ज्यांना शास्त्र कळतं म्हणून मिरवायचं आहे त्यांनी एवढं तरी वाचावं.

त्यानंतर माझ्या आईचा फोन आला. आई कराडची, शिक्षण सातवीपर्यंत. ११ डिसेंबर १९६७ ला पहाटे कोयनेचा भूकंप झाला तेव्हा धरण फुटल्याची आवई उठली आणि लोक अंगावरच्या कपड्यांनिशी उंचावर पळाले, ते तिनं पाहिलेलं. तिनं पहिला प्रश्न विचारला, "तुमच्याकडं पाणी कुठनं येतं गं?" एदो नदीतून, म्हटलं. "मग नदीवर पाऊस पडला असंल." बरोबर तेच झालं होतं. मग म्हणाली, उकळून दे. मी सांगितलं की उकळून आयोडीन जात नाही, उलट पाणी आटलं तर प्रमाण वाढतं. तिला ते एका वाक्यात कळलं. "मग दुसरं पाणी बघ, आणि हे कवा उतरंल ते इचार कुणाला तरी." मी विचारलं, वाचलं. आयोडीन-१३१ आठ दिवसांत निम्मं होतं. नवा पाऊस आला नाही तर काही दिवसांचाच प्रश्न होता.

संध्याकाळी खालच्या मजल्यावरच्या आजींनी बेल वाजवली. भूकंपासाठी घरात साठवलेल्या पाण्यातल्या दोन लिटरच्या दोन बाटल्या त्यांनी दारात ठेवल्या. "बाळासाठी," एवढंच म्हणाल्या आणि निघाल्या. दुसऱ्या दिवशी वॉर्डाच्या केंद्रावर प्रत्येक बाळामागं ५५० मिलिलिटरच्या तीन बाटल्या मिळाल्या. तोक्योनं अशा २,४०,००० बाटल्या ८०,००० बाळांसाठी काढल्या होत्या. रांगेत सगळ्या आया, कुणी आरडाओरडा करत नव्हतं. त्याच दिवशी आकडा ७९ वर आला होता आणि मनाई उठली. मी आणखी काही दिवस बाटलीचंच पाणी वापरलं.

दिरांनी या सगळ्याला नाव दिलं "पॅनिक". गेली इतकी वर्षं मी त्यांना विचारते आहे, यात पॅनिक कुठं होतं? आकडा विचारणं, पाणी बदलणं आणि आकडा उतरायची वाट बघणं याला दुसरं काय म्हणायचं?

घबराट होईल या भीतीनं जे झालं ते मात्र भयंकर होतं. किरणोत्सर्ग कुठं पसरेल याचा अंदाज काढणारी स्पीडी नावाची यंत्रणा जपान सरकारकडं होती. तिचा पहिला नकाशा लोकांसमोर आला तो २३ तारखेलाच, म्हणजे आमच्या पाण्याच्या दिवशी. तोवर फुकुशिमा प्रकल्पाजवळच्या नामिए गावातले हजारो लोक प्रकल्पापासून लांब म्हणून वायव्येला त्सुशिमा भागात जाऊन राहिले होते. वारा नेमका तिकडंच वाहिला. इइताते गाव तर सक्तीनं रिकामं केलेल्या २० किलोमीटरच्या वर्तुळाच्या कितीतरी बाहेर. तिथं गाव सोडायचा आदेश २२ एप्रिलला निघाला. इंधन वितळल्याचं प्रकल्प चालवणाऱ्या टेप्को कंपनीनं मान्य केलं मे महिन्यात. अशा वेळी "लोकांना शास्त्र कळत नाही" हे कुणी कुणाला सांगायचं?

आणि शास्त्र कळणारी माणसं घाबरत नाहीत हेही खोटं आहे. भूकंपाच्या केंद्राला फुकुशिमापेक्षा जवळ होता तो ओनागावाचा प्रकल्प. तिथं पाणी सुमारे १३ मीटर चढलं. प्रकल्पाची जमीन १४.८ मीटर उंचीवर होती. भूकंपानं ती मीटरभर खचली, तरीही पुरली. प्रकल्प एवढ्या उंचावरच हवा म्हणून हट्ट धरून बसले होते तोहोकू वीज कंपनीचे जुने अधिकारी यानोसुके हिराई. त्यांच्या डोक्यात इसवी सन ८६९ ची जोगान त्सुनामी होती. हजार वर्षांपूर्वीच्या लाटेला भिणारा हा माणूस इंजिनिअरच होता. त्या मार्चमध्ये घरं गेलेले तीनशेहून जास्त गावकरी त्याच प्रकल्पाच्या आवारात आसऱ्याला राहिले. (आपल्या एनडीआरएफचे ४६ जवान मदतीला गेले ते याच ओनागावात.) फुकुशिमाच्या कंपनीत २००८ मध्ये १५.७ मीटरच्या लाटेचा हिशोब झाला होता. त्यावर पुढचा अभ्यास करू असं ठरलं आणि भिंत काही उंच झाली नाही. जपानच्या संसदेनं नेमलेल्या कुरोकावा आयोगानं २०१२ मध्ये या अपघाताला मानवनिर्मित म्हटलं.

तुम्ही जिथं चालला आहात त्या भागातलं उदाहरण तर तुमच्या आईला जरूर सांगा. १६ जुलै २००७ ला काशिवाझाकीजवळ ६.८ चा भूकंप झाला. चालू अणुभट्ट्या नीट बंद पडल्या, पण एक ट्रान्सफॉर्मर पेटला आणि त्याचा काळा धूर सगळ्या जपाननं टीव्हीवर पाहिला. आत आणीबाणीत जिथून काम करायचं त्या कक्षाचं दार हादऱ्यानं अडकलं होतं. लोक चिडले, निगाताच्या गव्हर्नरांनी जाब विचारला. त्यातून टेप्कोनं (हा प्रकल्पही तिचाच) हादरे पेलणारी आपत्कालीन इमारत बांधली, आणि तशीच फुकुशिमालाही बांधली. ती वापरात आली जुलै २०१० मध्ये. आठ महिन्यांनी फुकुशिमाचे प्रकल्पप्रमुख मासाओ योशिदा आणि त्यांची माणसं त्याच इमारतीतून लढली. लोकांनी "उगाच" घाबरून प्रश्न विचारले नसते तर ती इमारत नसती. भाऊजी, हे तुमच्यासाठीही आहे. २०११ च्या एप्रिलमध्ये तुम्ही जैतापूरच्या अणुप्रकल्पाला विरोध करणाऱ्या लोकांबद्दल जे बोललात तेही मला आठवतं. तिथला माडबनचा सडा उंचावर आहे, फुकुशिमासारखं पाणी तिथं चढणार नाही, हे उत्तर बरोबर असेल. पण ते कोळ्याला समोर बसवून द्यायचं असतं, त्याला अडाणी म्हणून नाही.

काही गोष्टी उलट बाजूच्याही सांगायला हव्यात. माझी मुलगी ठणठणीत आहे. त्या पाण्याचा हिशोब मी नंतर केला, दिवसाला लिटरभर धरला तरी छातीच्या एका एक्स-रेच्या आसपास येतो. मर्यादा ठरवली होती ती बराच काळ पीत राहणाऱ्यांसाठी. संयुक्त राष्ट्रांच्या समितीलाही फुकुशिमाच्या रहिवाशांमध्ये थेट किरणोत्सर्गामुळं झालेले आजार दिसलेले नाहीत. माणसं मेली ती हलवाहलवीत: इस्पितळांतले अंथरुणाला खिळलेले रुग्ण, छावण्यांमधले म्हातारे. फुकुशिमा प्रांतात असे मृत्यू २,३०० हून जास्त आहेत. त्यामुळं भीतीनं अंदाधुंद पळणं घातक, हे दिरांचं म्हणणं मला मान्य आहे. मी अणुऊर्जेच्या विरोधात नाही, आजही जपानमध्येच राहते.

तर, जा. नागाओका शहराचा बराचसा भाग प्रकल्पापासून ३० किलोमीटरच्या आत येतो, म्हणजे तिथल्या महापालिकेकडं स्थलांतराची योजना असते. ती पहिल्याच आठवड्यात मागून घ्या. तुमच्या वस्तीनं कुठल्या दिशेनं निघायचं ते बघा आणि हिवाळ्यात काय करायचं हे आवर्जून विचारा, तिथं बर्फ इतकं पडतं की महामार्गावर गाड्या रात्रभर अडकून पडतात. १ जानेवारी २०२४ च्या नोतोच्या भूकंपात रस्तेच तुटले आणि घरं पडली, तेव्हा अणुअपघातात दिला जाणारा "घरात दारं लावून बसा" हा सल्ला कुणी पाळायचा हा प्रश्न उभा राहिला. आयोडीनच्या गोळ्या भारतातून विकत घेऊन स्वतःच्या मनानं खाऊ नका, त्या कधी घ्यायच्या ते तिथलं प्रशासन सांगतं. तीन दिवसांचं पाणी घरात ठेवा, तिथं बरेच जण ठेवतात.

आईला समजवायला जाऊ नका. तिला नेमकं काय विचारायचं आहे ते आधी ऐकून घ्या आणि ती योजना हातात आली की फोनवर तिला वाचून दाखवा. एखाद्या प्रश्नाचं उत्तर त्यात सापडलं नाही, तर तो प्रश्न घेऊन महापालिकेत जा.