वास आला, पुढे काय?

प्रश्न : बंदोबस्तावरच्या सशस्त्र पोलिसाच्या तोंडाला दारूचा वास आला, तर फुंकून घेतलेली चाचणी पुरते का? – एक वाचक, दादर

उत्तर : एकटी नाही पुरत. आधी पिस्तूल रिकामं करून, काडतुसं मोजून जमा करून घ्यावीत. माउथवॉशनेही यंत्रावरचा आकडा फुगतो. म्हणून १५ मिनिटं काही खाऊ-पिऊ न देता, नवी नळी लावून पुन्हा फुंकायला लावावं. मग सरकारी रुग्णालयात रक्त. सुईची जागा स्पिरिटने, म्हणजे अल्कोहोलनेच, पुसली, की बचावाच्या वकिलाला आयतं कोलीत! बाटलीत सोडियम फ्लोराइड (नमुना टिकवणारं रसायन) हवंच, नाहीतर नमुना पडून राहिला की अल्कोहोलचं प्रमाण बदलतं. सीलबंद नमुना कलिनाच्या न्यायवैद्यक प्रयोगशाळेत जातो. १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम ही मर्यादा वाहनचालकांसाठी आहे, कमरेला पिस्तूल लावणाऱ्यासाठी नव्हे. शस्त्र जमा केल्याची वेळ स्टेशन डायरीत तिथल्या तिथे लिहावी. मागाहून घुसवलेली नोंद चौकशीत उघडी पडते.